दोघींचं वजन

मापाच्या कडेला ओलसर भुकटी चिकटली होती — तपकिरी, बोटाने खरवडली तर नखात बसेल अशी — आणि बेरिट ते प्लॅस्टिकचं माप उजेडाकडे धरून उगाच बघत राहिली. काल आपण पुसलं नाही की काय? पुसलं असणार. नसेलही... हल्ली डोकं जागेवर नसतं, आणि आज तर मुळीच नाही. तिने माप खाण्याच्या पिशवीत खुपसलं, काठोकाठ भरलं, दोन वाडग्यांत अर्धं अर्धं ओतलं. तूवा आणि बिस्सा, माय-लेकी, कॅम्परच्या, त्या राहायच्या गाडीच्या, पायरीवरून अशा धडपडत आत आल्या की बघणाऱ्याला वाटावं, या बाईने कुत्र्यांना आठवडाभर उपाशी ठेवलंय. थोरल्या तूवाला हल्ली पायरी चढताना धाप लागायची. तरी वाडग्यात पहिलं तोंड तिचंच.

बाहेर एवर्ट पाण्याची टाकी भरत होता. पाठमोरा, कमरेवर एक हात ठेवून. सतत गाडी चालवून त्याची कंबर धरली होती, पण तसं तो म्हणाला असता तर तो एवर्ट कसला.

"आज डॉक्टर," तो नळीकडे बघत म्हणाला.

"ठाऊक आहे."

"म्हणजे... तू ठरव."

तू ठरव. ही दोन शब्दांची शेपटी तिच्या संसाराला पहिल्या दिवसापासून चिकटलेली. पडदे कुठल्या रंगाचे — तू ठरव. मुलाचं नाव — तू ठरव, मला काहीही चालेल. सुट्टीत समुद्र की डोंगर, नाताळात तुझी आई की माझी... आणि शेवटी दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, एवर्ट, मला वेगळं राहायचंय, तेव्हा हा बटाटे सोलत होता. सोललेला बटाटा पाण्यात सोडून म्हणाला, तुला बरं वाटणार असेल तर तसं करू. भांडला असता तर मी कदाचित थांबलेही असते. निदान सुरी तरी खाली ठेवायची होती.

त्यांच्या गावात वेगळे झालेले आईबाप मुलांना एकेक आठवडा वाटून घेतात, रविवारी पोरं पाठीला पिशव्या लावून या घरातून त्या घरात जातात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यांचा मुलगा कधीच मोठा होऊन निघून गेलेला, म्हणून यांनी कुत्री वाटून घेतली. दोघी एकत्रच, कारण एकदा वेगळं ठेवून पाहिलं तर तूवाने अन्न सोडलं आणि बिस्साने सोफा फाडला. एक आठवडा त्याचा, एक हिचा. ज्याचा आठवडा त्याने खायला घालायचं, फिरवायचं, गोचीड काढायचे, आणि दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. आता एवर्टला पलीकडे नॉर्वेत, एका फेरीबोटीवर इंजिनाचं काम मिळालं होतं. त्याला आणि त्याच्या खोक्यांना तिथे पोचवायचं, आणि दोघांच्या मालकीचा हा कॅम्पर तिने एकटीने परत आणायचा, एवढं ठरलं होतं. कुत्र्यांचं ठरलं नव्हतं. दर आठवड्याला कुणी डोंगर ओलांडून येणार नव्हतं. दोघी कायमच्या त्याच्याकडे, नाहीतर कायमच्या तिच्याकडे. आणि नॉर्वेत कुत्रं न्यायचं तर निदान एक दिवस आधी डॉक्टरकडून पट्टकृमीची गोळी द्यावीच लागते. गोळी नाही तर हद्द नाही. उद्या संध्याकाळी हद्द. म्हणजे आजच काय ते.

ती शेजारच्या सीटवर बसली. रस्ता जंगलातून सरळ वर जात होता, मध्येच एखादं तळं चमकून मागे पडायचं. समोरून दुसरा कॅम्पर आला की एवर्ट स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचा आणि समोरचाही उचलायचा. कॅम्परवाल्यांची ही रीतच. एका गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने दोघांनाही हात केला, आणि बेरिटचाही हात आपोआप वर गेला. त्यांना काय वाटलं असेल... जोडपं, दोन कुत्री, उन्हाळा. काय वाटायचं ते वाटू दे. तसं फारसं चुकीचंही नव्हतं ते.

कारण परवाचा रविवार, आठवडा बदलायचा दिवस. नदीकाठी गाडी थांबवलेली, ती घडीच्या टेबलाशी उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासा खात बसलेली, हा तिच्यापासून हातभर अंतरावर. जेवण संपवून हा उठला, कुत्र्यांचे दोन्ही पट्टे आपल्या बाजूच्या खुंटीवरून काढून तिच्या बाजूच्या खुंटीला अडकवले आणि दारात उभा राहून — अगदी तिच्या घराच्या दारात राहायचा तसा, टोपी हातात — म्हणाला, "खाऊन आल्यात. बिस्साच्या कानामागे एक गोचीड होता, काढला." "बरं," ती म्हणाली. "दमला असशील." मग दोघंही काही क्षण तसेच, कारण एरवी यानंतर तो पायऱ्या उतरून आपल्या घरी जायचा, आणि इथे जायला घरच नव्हतं. शेवटी तो बसला आणि कॉफी ओतू लागला. त्या वेळी हसू कसं दाबलं माझं मला माहीत. आणि हसू दाबता दाबता एक प्रश्न वर आला, तो मात्र दाबला गेला नाही. पुढच्या रविवारी माझ्या दारात टोपी हातात घेऊन कोण उभं राहणार?

जनावरांचा दवाखाना पेट्रोल पंपामागे होता. डॉक्टर तरुण होती, हिरव्या अंगरख्यातली, हातवारे करत बोलणारी. वजनावर गोळी ठरते म्हणून तिने आधी तूवाला काट्यावर चढवलं, मग बिस्साला, मग त्यांच्या पासपोर्टातल्या जुन्या नोंदीकडे बघितलं आणि पुन्हा तूवाला.

"काय हो, काय घालता काय यांना? दोघींनी चांगलंच अंग धरलंय. थोरलीच्या गुडघ्यांचं काय होणार अशानं?"

"सकाळी एक माप, संध्याकाळी एक," बेरिट म्हणाली. "मी स्वतः घालते."

"मीच घालतो," एवर्ट त्याच क्षणी म्हणाला.

डॉक्टरने आधी हिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुझा आठवडा नाही हा," बेरिट म्हणाली.

"नाही. पण तुला पहाटे झोप लागते. त्या नाक घासून उठवतात. म्हणून मी..." तो टोपीशी खेळू लागला. "थोडंसंच."

थोडंसंच. ओलं माप. आणि बेरिटला एकाएकी आपल्या संध्याकाळी आठवल्या — याच गाडीतल्या, त्याच्या आठवड्यातल्या, रविवारच्या आधीच्या, तो कंबर धरून बाकावर आडवा झालेला असायचा आणि ती पावलं न वाजवता वाडगे भरून बाहेर गवतात न्यायची, उठू नये त्याने म्हणून. आणि थोड्या वेळाने तो उठून पुन्हा भरलेले वाडगे ठेवत असणार, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्याचा आठवडा, आपण कशाला बघा... आणि या दोन लबाड बायका दोन्हीकडे जेवत होत्या, ताकास तूर लागू न देता.

"संध्याकाळी मी घालत होते," ती म्हणाली. "तुझ्या आठवड्यात."

"हो?"

"हो."

"विचारायचं नाही का एकमेकांना?" डॉक्टर म्हणाली. "एका गाडीत राहता ना तुम्ही?"

आता मात्र बेरिटला आवरेना. ती काट्याच्या कडेला टेकून डोळ्यांतून पाणी येईतो हसली, एवर्टही खांदे हलवत आवाज न करता हसला, आणि तूवा दोघांकडे बघून शेपटी आपटू लागली. हसताना बेरिटला वाटलं, किती चांगला आहे हा माणूस. आणि किती छळलंय याने मला, काही न मागून.

"तर दोघी जाणार ना पलीकडे?" डॉक्टरने डबी उघडली. "गोळ्या देऊ?"

"हिला विचारा," एवर्ट म्हणाला.

हसू जागच्या जागी थांबलं.

"नाही," बेरिट म्हणाली. "आज तू सांग."

"बेरिट, मला काहीही—"

"काहीही चालत नाही. कुणालाच चालत नाही. मला काय बरं वाटेल ते बाजूला ठेव. तुला काय हवंय?"

डॉक्टर उगाचच कपाट आवरू लागली. एवर्टने टोपी टेबलावर ठेवली, हात मोकळे केले, आणि त्याचा चेहरा असा लाल झाला की बेरिटला भीती वाटली, याला आता काही होतं की काय.

"मला दोघी हव्यात," तो म्हणाला. "तिथे मी... एकटं नको मला. दोघी हव्यात."

तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे. मला हवं आहे. आणि हवं काय, तर नेमकं माझ्यापाशी उरलेलं तेवढंच. तिला खूप दुखलं, अगदी उघडं दुखलं, आणि त्या दुखण्याच्या आत कुठेतरी लख्ख आनंदही झाला, पोराने पहिला शब्द उच्चारावा तसा. दोन्ही एकदम कसं होऊ शकतं ते तिला कळेना. कलेजीच्या पेस्टमध्ये गोळ्या तिनेच दाबल्या. तूवाचा जबडा तिनेच धरला.

"गोळी खाल्ली म्हणजे जायलाच हवं असं नाही," ती गाडीपाशी येऊन म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "माहीत आहे."

आता गाडी ती चालवत होती. तो कमरेमागे उशी घेऊन बसला होता — "कंबर दुखते," असं त्याने आपणहून सांगितलं होतं, तेही आजच. मागे दोघी एकमेकींवर डोकं ठेवून घोरत होत्या. झाडं हळूहळू बुटकी होत चालली होती आणि दूर डोंगरांवर बर्फाचे पट्टे दिसू लागले होते. तिच्या मनात हिशेब चालूच होता, नेहमीसारखा: त्याला द्यायच्या म्हटलं तर असं, ठेवायच्या म्हटलं तर तसं, उन्हाळ्यात येऊन भेटता येईल, नाहीतर... ठरवणं तिला येतंच होतं. आयुष्यभर दुसरं केलं काय.

"आणि तुला?" एवर्ट म्हणाला.

"मला काय?"

"तुला काय हवंय? ठरवू नकोस. नुसतं सांग."

तिने तोंड उघडलं. उत्तर असतंच तिच्याकडे. प्रश्न संपायच्या आत असतं, त्यावरून मुलगा चिडवायचाही. मला हवं आहे... कुत्री? हो. नाही, नुसती कुत्री नाहीत. मग घर? हा? रविवार? एकेक शब्द तिने उचलून पाहिला आणि खाली ठेवला, आणि आत, जिथे उत्तरांचा साठा असायचा तिथे, झाडून काढलेल्या खोलीसारखं रिकामं होतं. मी पडदे ठरवले, नाव ठरवलं, वेगळं होणं ठरवलं. यातलं हवं कुठलं होतं मला, हे मी तरी कधी विचारलं? त्याला बोल लावत राहिले, आणि माझं मात्र... समोरून एक कॅम्पर आला, गेला. हात करायचं राहून गेलं.

"थांब जरा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, सावकाश, मध्ये मध्ये थांबणारा. "बघते आहे."

"बघ," तो म्हणाला. त्याने घाई केली नाही. तिनेही गाडीचा वेग थोडा कमी केला, आणि बघत राहिली.