उजवीकडची जागा

हरभऱ्याच्या घाट्याएवढं ते काळं टोपण तिच्या तळहातावर होतं, सकाळच्या गारठ्यानं थंड पडलेलं, आतून बारीक आटे असलेलं... आणि पुढच्या चाकाशी उकिडवी बसलेली दिपाली त्याच्याकडे असं बघत होती, की जणू ते फिरवून काढलं यात काही मोठं झालं होतं. हवा भरणारा नळी घेऊन वाट बघत उभा होता. तिनं बाजूला होऊन त्याला जागा दिली, आकडा स्वतः वाचला, मागच्या चाकांचा वाचला, मग डिकी उघडून म्हणाली, "स्टेपनीतही बघा."

"स्टेपनीत बघितलीच पायजे," गाडीतून तिच्या नवऱ्याचा, श्रीमंतचा, आवाज आला. काच अर्धी खाली होती. "लोक चार चाकं बघत्यात आन् पाचवं इसरत्यात."

तिनं टोपण जागेवर बसवलं. हे पाचव्या चाकाचं त्यांनीच शिकवलेलं... गार चाकातच हवा बघायची, चाक तापलं की आकडा खोटा बोलतो; कूलंट इंजिन थंड असताना बघायचं, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही; ऑईलची पट्टी एकदा पुसून परत बुडवायची, मगच खरं कळतं. उन्हाळाभर त्यांनी मुळेच्या कालव्याकडेच्या रस्त्यावर तिला शिकवलं होतं, डाव्या बाजूला बसून, हात मांडीखाली दाबून धरून—हो, मांडीखालीच, कारण मोकळे ठेवले की ते आपसूक स्टेअरिंगकडे जात.

होळीच्या आधी त्यांना फिट आली होती. डाळिंबाच्या बागेत, ठिबकच्या नळ्या बघत असताना. गाडीत नव्हते हे नशीब, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. एवढंच वाक्य. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं घरातल्या प्रत्येकाला दवाखान्यात, लग्नाला, देवाला नेलं, तो त्या वाक्यानंतर किल्ली खुंटीला लावून पडवीत बसला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू शिक."

आणि आज ती सोलापूरला निघाली होती. नगरपर्यंत तिनं दोनदा गाडी नेली होती, त्यापुढं कधी नाही. उद्या निकिताचं—लेकीचं—डोहाळजेवण. जावई म्हणाले होते, मी गाडी पाठवतो. फोनवर दिपाली बोलून गेली, "नको, आम्ही येतो आमच्या गाडीनं," आणि फोन ठेवल्यावर बोटांवर किलोमीटर मोजत बसली होती. एवढा लांबचा रस्ता... मी म्हणाले? मीच म्हणाले.

निघताना सासूबाईंनी, गोजरबाईंनी, तिच्या हातावर दही दिलं होतं. पंजाबी ड्रेस आणि पायातले बूट यांच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, पण त्यावर काही बोलल्या नाहीत. श्रीमंत पिशव्या ठेवत असताना हळूच म्हणाल्या, "दमानं चालीव. आन् त्यो बोलला तर बोलू दी गं. बोलला म्हंजी बरं वाटतं त्येला."

म्हणून ती त्यांना बोलू देत होती.

राहुरीतून बाहेर पडताच रस्त्याचं काम लागलं. एक बाजू बंद, दुसरीवरूनच येणारी-जाणारी वाहतूक, आणि त्यात उसाचे ट्रॅक्टर—प्रत्येकाला मागं दोन ट्रॉल्या, उसाची पाचट दोन्हीकडं लोंबणारी, मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना चमकणारी पट्टी. तिच्या पुढं असाच एक होता, टेपवर गाणी लावून डुलत चाललेला. ती मागं राहिली, चांगली मागं, ट्रॉलीची दोन्ही चाकं पूर्ण दिसतील इतकी.

"डिपर दे."

तिनं दिवा एकदा चमकवला.

"आता काढ. काढ, काढ! मोकळं हाय."

मोकळं होतं, पण पुढं रस्ता डावीकडे वळत होता आणि वळणावर बाभळींची रांग होती. तिला ते बाभळींच्या पलीकडचं दिसत नव्हतं. पाय ॲक्सिलरेटरवर होता, थोडा दाबला तर गाडी गेलीही असती... कालव्याच्या कडेला एकदा तेच म्हणाले होते ना, जे दिसत नाही तिथं कुणीतरी येतंय असंच धरायचं. मग आज? आज ते शिकवायला नाही, नुसते डाव्या बाजूला बसलेत. डाव्या बाजूनं सगळं मोकळंच दिसतं... नाही, तसंही नाही. मी बसले होते की तिथं. पंचवीस वर्षं बसले होते. तिथून रस्ता दिसतच नाही. तिथून दिसतात कडा—दुकानांच्या पाट्या, बांधावरची माणसं, मैलाचे दगड, कुणाच्या अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या. जिथं जायचं ते ठिकाण एकदम पुढ्यात येऊन उभं राहतं, वाटेचा हिशोब लागत नाही. ती त्यांना संत्री सोलून द्यायची, पाणी द्यायची, त्यांनी ओव्हरटेक केलं की दरवाजावरचं हँडल घट्ट धरायची आणि धरलंय हे त्यांना कळू नये म्हणून पदर सावरल्यासारखं करायची.

वळणावरून एसटी आली. रस्त्याच्या बरोबर मधून, भरधाव. क्षणभर तिचा लाल चेहरा पुढची सगळी काच भरून उरला आणि मग ती सुसाट निघून गेली. हवेच्या झोतानं गाडी हलली.

श्रीमंतचे हात परत मांडीखाली गेले.  दिपाली ट्रॅक्टरच्या मागंच राहिली. तिला आनंद झाला नव्हता, जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं, फक्त छातीत धडधडत होतं आणि हात स्थिर होते—हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे तिला नवीन होतं. वळण संपलं, लांबवर सरळ रस्ता दिसला, तेव्हा तिनं आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि ट्रॅक्टर मागं टाकला.

"संत्रं सोलू का?" श्रीमंतनी विचारलं.

तिला हसू आलं. "सोला."

त्यांनी सोललं, शिरा काढून एकेक फोड तिच्या डाव्या हातावर ठेवली. विळदचा घाट गेला. नगर शहराला बाहेरून वळसा घालून ती सोलापूर रस्त्याला लागली तेव्हा ऊन वर आलं होतं आणि रस्ता एकाएकी रुंद, रिकामा झाला होता. दोन्हीकडं तुरी, कुठं ज्वारी, मधेच नुसतं माळरान. इथं गाडी धावायला लागली की इंजिनाचा आवाज पातळ होतो, हे तिनं ओळखलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्या गिअरला काटा स्थिर झाला आणि तिला वाटलं, ही हालचाल आपल्याच पाठीच्या कण्यातून निघतेय... चाळीस ओलांडून सहा वर्षं झाली, आणि अंगात असं काही होतं हे ठाऊकच नव्हतं. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, अडचण म्हणून शिकले हो. नाइलाज म्हणून. सगळ्यांना तसंच सांगते मी. आणि कालव्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी गचका न देता निघाली, त्या रात्री आनंदानं डोळा लागला नव्हता हे कुणाला सांगायचं? शेजारी नवरा गोळ्या घेऊन झोपलेला... त्याच्याकडून गेलं म्हणून मला मिळालं. असं मिळालेलं सुख कुठं ठेवायचं असतं?

रुईछत्तिशी मागं पडली, आणि थोड्या वेळानं स्टेअरिंगमध्ये काहीतरी वेगळं लागलं. डावीकडं किंचित ओढ. नजरेला काही नाही, आवाज नाही, फक्त तळहातांना कळणारं.

"गाडी ओढतेय," ती म्हणाली.

"रस्त्याचा उतार आसंल. चल तू."

तिनं आणखी थोडं अंतर जाऊन बघितलं. मग इंडिकेटर देऊन, वेग कमी करत, अचानक ब्रेक न दाबता गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर, कडेच्या सपाट मुरमावर घेतली. चारही दिवे लुकलुकत ठेवले. उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकात लोखंडी खिळा, आणि चाक खाली बसायला लागलेलं.

श्रीमंत उतरले, वाकून बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप बाह्यांकडे गेले. "बाजूला सर, मी काढतो."

"अहो, मला काढू द्या."

ती विनंती होती की आणखी काही, तिचं तिलाच कळलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं. एक ट्रक आवाज करत गेला, धुरळा दोघांच्या अंगावर आला. मग ते बाजूला गेले, दोन मोठे दगड शोधून आणले आणि मागच्या चाकाच्या पुढं-मागं पक्के बसवले.

"आदी नट ढिले कर," ते म्हणाले. "गाडी जमिनीवर हाय तवरच. मग जॅक."

पान्यानं नट हलेना. ती पान्याच्या दांड्यावर बुटाचा पाय देऊन उभी राहिली, सगळं वजन टाकलं, आणि तो कर्रकन् सुटला. दुसरा. तिसरा. मग जॅक, मग चाक—किती जड असतं चाक!—मग स्टेपनी. श्रीमंत सुटलेले नट ओंजळीत धरून उकिडवे बसले होते, तिनं हात पुढं केला की एकेक देत होते. आमनेसामनेचे नट आवळ, ओळीनं आवळू नको, एवढंच म्हणाले. तिच्या कपाळावरचा घाम त्यांनी आपल्या टोपीनं टिपला, तेव्हा त्या उघड्या माळावर तिला लाजल्यासारखं झालं.

मिरजगावात पंक्चर काढायला चाक दिलं. स्टेपनी नसताना पुढं जायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं. शेजारच्या हॉटेलात चहा सांगितला. श्रीमंतनी वेळ बघून गोळी घेतली. समोर टाकीजवळ पंक्चरवाला ट्यूब नसलेलं ते चाक पाण्यात फिरवत बुडबुडे शोधत होता.

"पुढच्या म्हैन्यात डॉक्टर बघनार हायेत," श्रीमंत बशीत चहा ओतत म्हणाले. "कदाचित परवानगी देतील म्हनाले. वरीस व्हत आलं. तवापासनं परत काय झालं न्हाई." फुंकर घालून एक घोट घेतला. "मग काय, बाळाला बघायला मीच नेईन तुला. तू बस आपली आरामात. लई तरास पडला तुला ह्या सालात."

ते प्रेमानं बोलले होते. त्यात कुठंही दुसरं काही नव्हतं. आणि दिपालीच्या तोंडातला चहा गिळायचा राहून गेला.

"हं," ती म्हणाली.

पुढं गाडी चालवताना ती त्या 'हं'शी खेळत बसली. बरे व्हावेत—हो, हो, याच्यात काय शंका, पहाटे उठून पहिला हात जोडते ते त्यासाठीच. तो बागेतला पांढरा पडलेला चेहरा, वळलेल्या मुठी, तोंडाला आलेला फेस परत कधी दिसू नये. बरे व्हावेत. आणि गाडी? ... हे एका घासातले दोन खडे कसे वेगळे करायचे? ते बरे झाले की मी डावीकडं. सगळं जसं होतं तसं. गोधड्या, पाट्या, मैलाचे दगड... 'तू बस आरामात.' मला आराम नको, असं कसं सांगतात? तरास पडला नाही हो, असं सांगितलं तर ते कसं ऐकू जाईल त्यांच्या कानाला?

त्याच वेळी श्रीमंतचं डोकं एकदम खिडकीकडे कलंडलं.

तिनं वेग कमी केला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला आली तरी तिला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. "अहो..." ती हळू म्हणाली. मुठी बघितल्या. सैल होत्या. मग घोरण्याचा आवाज आला—हलका, समाधानी, दुपारी पडवीत येतो तसा.

झोपले होते.

हा माणूस दुसऱ्याच्या गाडीत कधी डोळा मिटत नव्हता. मित्र चालवत असो, व्याही चालवत असोत, याचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत असायचा. तिनं त्या पायाकडे बघितलं. पाय सैल पडला होता, टाच बुटाबाहेर निघालेली. तिचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी गाडी चालवायची नसते म्हणून ती थोडा वेळ तशीच थांबली, ओढणीनं डोळे पुसले, पाणी प्याली. त्यांच्या सीटबेल्टच्या पट्ट्याखाली दुमडलेली सदऱ्याची कॉलर सरळ केली. मग आरशात बघून अलगद रस्त्यावर आली.

माहिजळगाव गेलं. गतिरोधक दिसला की ती लांबूनच गिअर उतरवत होती, गाडी पाळण्यासारखी वरून खाली नेत होती, ते जागे होऊ नयेत म्हणून. आणि आणखी कशासाठी तरी. 'मीच नेईन तुला'चं खरं उत्तर द्यायचं राहिलंच होतं. पुढच्या महिन्यात द्यावं लागेल, किंवा रात्री निकिताकडं, किंवा जागे झाल्या झाल्या... 'नाही' हा शब्द तिनं मनात हळूच म्हणून बघितला. तो तिला वाटला होता तसा कठोर निघाला नाही. त्यात भांडण नव्हतं. 'आलटून पालटून चालवू' हेही म्हणून बघितलं. तेही बरं लागलं, पण पुरतं खरं लागलं नाही.

समोर रस्ता उन्हात लांब पडला होता. सोलापूर अजून खूप दूर होतं, आणि ते दूर आहे याचं तिला बरं वाटत होतं.