नेलपॉलिशचा ठिपका

पीं.

सकाळच्या दुधानंतर बाळाचा कुठे आत्ता डोळा लागत होता, घर चिडीचूप झालं होतं, आणि बाजूच्या खोलीत मीटर वाजला. थोरलीचा थोपटणारा हात थांबला. मीटर वाजला म्हणजे सर्किटमधली दोन टोकं आतून जोडलेली आहेत. या घरात कुकरच्या शिट्टीपेक्षा ती पीं जास्त ओळखीची. पण आजवर ती थोरलीच्या हातून वाजायची. आता तिच्या खुर्चीत तिची सख्खी धाकटी बहीण बसली होती.

पाठोपाठ नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. "बरोब्बर! हुशार आहेस गं."

"हुशार म्हणे," थोरली उशीला म्हणाली. "सोल्डरचा पहिला डाग कसा द्यायचा ते कुणी शिकवलं, ते विचार की."

धाकटी चिखलातल्या शर्यती मारायची. रविवारी मोठी शर्यत होती, आणि तिच्या डर्ट बाईकची सीडीआयची डबी ऐन वेळी मेली होती. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारी ती मुठीएवढी डबी. ते मॉडेल बंद पडून जमाना झालेला, डबी बाजारात मिळेना. मग मेहुणा-मेहुणीने ठरवलं, जुनी डबी फोडायची, आतलं सर्किट उतरवून घ्यायचं आणि तसंच नवं बनवायचं. कुणी नक्कल करू नये म्हणून आत काळी राळ ओतून ठेवलेली. ती गरम हवेने मऊ करायची आणि दात कोरायच्या काडीने हळूहळू उकरायची. असल्या कामावर थोरलीचा जीव. बाळ व्हायच्या आधी ती आणि नवरा एकाच भिंगाखाली डोकी घालून बसायची, चहा थंड व्हायचा, कुणाला पत्ता नसायचा.

"तू आराम कर," नवरा म्हणाला होता. अगदी मायेनेच म्हणाला होता. तेच तर जास्त लागलं.

बाळ झोपल्यावर तिने चहा टाकला आणि चार वर्षांच्या लेकीला, बटणला, शेपटासारखी मागे घेऊन खोलीत शिरली.

"ताई, चहा! देवी आहेस तू."

"आधी हात पूस. कोळशात लोळून आल्यासारखी दिसतेस."

"भाऊजी म्हणतात, आज गाडी धडधडणार."

"भाऊजी बरंच काही म्हणतात."

भाऊजींनी मान वर न करताच कप उचलला. थोरलीने टेबलावर नजर टाकली. राळेतून मोकळा झालेला बोर्ड पालथा पडला होता आणि शेजारी धाकटीने काढलेलं सर्किटचं चित्र. छान काढलं होतं मेलीने. रेघा सरळ, अक्षर टपोरं.

आणि मग तिला बोर्डाचा कोपरा दिसला. कोरा.

बोर्ड पालथा करण्याआधी कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना, लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा ही थोरलीची पद्धत. पालथ्या बोर्डाचं डावं म्हणजे सुलट्याचं उजवं. ठिपका नसला की डोळा फसतो. इथे तसंच झालं होतं. पालथं जसं दिसलं तसंच उतरवलं होतं. सगळ्यात महत्त्वाचा तीन पायांचा भाग, साठलेला करंट ऐन क्षणी सोडणारा, त्याचे कडेचे दोन पाय उलटसुलट झाले होते.

सांगायला तिने तोंड उघडलं.

"एक सांगू?" नवरा धाकटीला म्हणाला. "तुझा हात तुझ्या ताईपेक्षा स्थिर आहे."

थोरलीने तोंड मिटलं. ट्रे उचलला आणि बाहेर आली.

"ठिपका लावला नाही बघ त्यांनी," ती बटणला हळूच म्हणाली. बटणला ठिपका बरोबर ठाऊक. तिच्या डाव्या बुटात तोच लाल ठिपका होता, बूट उलटे पायांत जाऊ नयेत म्हणून.

"मग उलटं होईल?"

"होईल."

दुपारी नवं सर्किट गाडीत बसलं आणि अंगणात किकवर किक बसू लागली. थोरली खिडकीत, कडेवर बाळ. गाडी ढिम्म. मग जळका वास आला.

"भाऊजी, थांबा! तो तीन पायांचा नवा भाग गेला!"

"आता एकच उरलाय," नवरा घाम पुसत म्हणाला. "चुकतंय कुठे तेच कळेना."

धाकटी पायरीवर मटकन बसली. "गेला माझा रविवार."

थोरलीच्या आत काहीतरी टुणकन उडालं. तिने ते दाबलं, पण ते दबेना. बहिणीचे ओठ लहानपणी रडण्याआधी थरथरायचे तसे थरथरत होते. तरी ती खिडकीतच उभी राहिली. बोलावू देत.

"अगं," नवऱ्याने हाक मारली, "जरा बघतेस का?"

"धर याला," म्हणून तिने बाळ त्याच्या हातांत दिलं. खोलीत जाऊन आधी धाकटीने वर केलेली खुर्ची आपल्या उंचीला आणली. मग बसली. मीटर इथे टेकव, तिथे टेकव, भिंग पुढे घे, "हं" म्हण. जे सकाळीच ठाऊक होतं ते शोधायला तिने चांगला वेळ घेतला. दोघं तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. किती बरं वाटत होतं.

"अरे!" ती शेवटी म्हणाली. "ठिपका कुठे लावलात?"

नवऱ्याने कपाळावर हात मारला. धाकटीने तर तिच्या गळ्यातच हात टाकले, काळ्या बोटांसकट. "ताई! तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं! मी सकाळपासून म्हणत होते, ताईला बोलवू. पण म्हटलं, रात्रभर जागतेस तू बाळापायी."

थोरलीने शेवटचा उरलेला भाग चिमट्यात धरला. तो दोनदा निसटला.

बटण टेबलाला हनुवटी टेकवून सगळं बघत होती.

"पण आई," ती म्हणाली, "चहा दिलास तेव्हाच तू मला म्हणालीस ना, ठिपका लावला नाही म्हणून? मग मावशीला का नाही सांगितलंस?"