तळ्यातलं पाणी जातं कुठे

आईचं खोकं आणायला मी शाळेत गेले, तेव्हा भूगोलाच्या खोलीत चार मुलं टेबलाला कोपरं टेकून बसली होती. शाळा केव्हाच सुटली होती. मला पाहून कुणी उठलं नाही.

"तुम्ही बाईंची मुलगी ना?" एकीनं विचारलं. ही वकीलबाई. आईच्या तोंडून नाव इतक्यांदा ऐकलं होतं की सांगावं लागलं नाही. "ताई, नकाशा नेऊ नका. आमचं चूक शोधणं चाललंय."

आई भूगोल शिकवायची तो खेळातून. एक काल्पनिक राज्य, तिनं काढलेला त्याचा नकाशा, आणि प्रत्येक मुलाचं एक सोंग: जादूगार, भालाईत, वैद्य, चोर. ती गोष्ट सांगायची, मुलं पुढं काय करायचं ते ठरवायची, आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा सांगायचा. पण फासा हातात मिळण्याआधी कारण द्यावं लागे. नदी इथंच उथळ का? या उतारावर झाडं का नाहीत? शिवाय प्रत्येक नकाशात ती मुद्दाम एक चूक पेरायची. जो पकडेल त्यानं ती आपल्या मर्जीनं दुरुस्त करायची, आणि ते राज्याला मान्य करावं लागायचं. लहानपणी मी डोंगर चढणारी एक नदी पकडली होती. तिला उलटी फिरवून मी तिथं धबधबा बसवला. तो पुढच्या सगळ्या नकाशांत राहिला. या नकाशातही होता. मी तिकडे बघितलं नाही.

"एक सापडली," भोपळ्या म्हणाला. परीक्षेत मिळणाऱ्या गुणांवरून पडलेलं नाव तो मिरवत होता. "वेळ सकाळची आणि मनोऱ्याची सावली पूर्वेला. एकदम फालतू. पण हा चष्मिस म्हणतो अजून एक आहे."

"आहेच," चष्मिस म्हणाला. "तळ्यावर लिहिलंय गोडं पाणी. नदी आत येते, बाहेर एकही जात नाही. मग पाणी नुसतं उन्हानं उडून जाणार आणि क्षार मागं राहणार. तळं खारटच पाहिजे."

"बाई दोन चुका ठेवत नाहीत," वकीलबाई म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

मी वाकून पाहिलं. तळ्याच्या दक्षिण काठावर निळ्या शाईचा ठिपका होता. पेन टेकवून उचललेलं. पुढं कोरा कागद. हा नकाशा तिनं अंथरुणात, उशीवर फळी ठेवून काढला होता. "उरलेलं उद्या," ती म्हणाली होती, आणि पेनाला टोपण मी लावलं होतं. ती गेल्यावर मी तो न बघताच शाळेत पाठवून दिला होता.

"ही ठेवलेली चूक नाही," मी म्हणाले. "ही नदी काढायची राहिली आहे. द्या पेन, मी पुरी करते."

"अहो ताई, असं कसं!" वकीलबाई नकाशावर आडवीच झाली. "पकडायची आम्ही आणि दुरुस्त करणार तुम्ही? घरी काही शिकवलं नाही का बाईंनी?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा दुखलं.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. "अजून इथंच? उद्यापासून ही खोली सराव परीक्षेला." मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या आईंबद्दल मला आदरच आहे. पण पालकांनी माझं डोकं खाल्लंय. या महाशयांनी पेपरात काय लिहिलं माहीत आहे? डोंगरापलीकडे पाऊस पडत नाही, म्हणून ड्रॅगन तिकडे राहतो."

"पाऊस का पडत नाही तेही लिहिलं होतं सर," भोपळ्या म्हणाला. "ढग अलीकडेच रिकामे होतात म्हणून. ड्रॅगनचा मार्क कापा, पावसाचा तरी द्या!"

सरांनी नकाशावर बोट आपटलं. "आणि हे? सकाळी सावली पूर्वेला? चुकीचं शिकवायचं मुलांना?"

"सर, तुम्हालापण सापडली!" सगळ्यांत लहान मुंगी टाळ्या पिटत म्हणाली. "पण तुम्ही लेट."

सरांचे कान लाल झाले. "पुरे. हा खेळ बंद. खोकं उचला, मला कुलूप लावायचंय."

मी खोकं उचललं. फासे आत खुळखुळले. दारापर्यंत गेले आणि मागं वळले.

"सर, हे टेबल आमचं आहे."

"काय?"

"आमच्या स्वयंपाकघरातलं. हा जळका गोल बघा, गरम पातेलं मीच ठेवलं होतं. आमचं सामान न्यायलाच सांगितलंत ना?" मी खोकं टेबलावर ठेवलं. "चला रे, एकेक पाय धरा."

सर काही बोलेपर्यंत टेबल दारातून तिरकं होऊन बाहेर निघालं होतं. आम्ही ते फाटकाबाहेर फुटपाथवर मांडलं. येणारे-जाणारे वळसा घालून जाऊ लागले. एक आजोबा मात्र थांबून बघत राहिले. वारा होता, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"ठरलं," वकीलबाई म्हणाली. "नदीबिदी काही नाही. तळ्याखाली चुनखडीचा खडक आहे. पाण्यानं त्याला भोक पाडलंय. ते जमिनीखालून वाहतं, म्हणून गोडं. त्या ठिपक्यापाशीच आहे भोक."

"आणि बाहेर कुठं निघतं?" मी विचारलं.

"ते आम्हाला कसं माहीत? ते सांगायचं काम तुमचं. आम्ही उतरतोय खाली."

फाटकात कुलूप हातात घेऊन सर उभे होते. "किती दिवस चालायचं हे?"

"खाली किती खोल आहे त्यावर आहे," मी म्हणाले.

खाली काय आहे ते आईनं कुठंच काढलेलं नव्हतं. चारही जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फासा काढून जळक्या गोलात ठेवला.

"अंधार आहे," मी म्हणाले. "कंदील कुणाकडे आहे?"