देवाच्या कानाचं माप

चौपन्न सालच्या चैत्रात देवळीच्या जिनिंगमागचं कापसाचं रिकामं गोदाम माणसांनी ठासून भरलं होतं. मधल्या पाटावर जिजाबाई डोळे गच्च मिटून बसली होती. तिच्या कानात बुचासारखं बसवलेलं पोकळ पितळी कुंडल, कुंडलाला भगव्या कापडात गुंडाळलेली दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक पडद्याआड, जिथे देव बसलेत म्हणे, तिथे गेलेलं.

"बोलला!" जिजाबाई किंचाळली. "माह्या हरवलेल्या म्हशीचं नाव घेतलं वं माय!"

दोनच मिनिटांपूर्वी तिनंच ते नाव कुंडलात पुटपुटलं होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

कर्णनाथ महाराज गरजले, "कान में ओंकार, डोके में झंकार, बीमारी फरार! ही ब्रह्मनाडी आहे भक्तहो, सीधी वैकुंठाले जुडली!"

"वैकुंठ म्हणजे गोदामाची मागची खोली काय जी?" मी विचारलं. शेजारच्या लहानूनं मला कोपरानं ढोसलं.

मी अण्णाजी, धंद्यानं सोनार. देव मानतो. एकादशीचं कीर्तन चुकवत नाही, पहिल्या रांगेतली जागा सोडत नाही. देवाला असं दोरीनं बांधलेलं पाहून म्हणूनच जास्त राग आला. पण नुसती थट्टा करून भागणार नव्हतं. माझी थोरली बहीण देवकाबाई, मी तिला बाई म्हणतो, या महाराजांच्या नादी लागली होती. तिचा डावा कान मंद झालेला, उजवा वाहत होता. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की उजव्यात रोज औषध घाला, नाहीतर आतलं हाड सडेल, जिवावर बेतेल. महाराज म्हणाले, औषध आणि देव एका डोक्यात राहत नाहीत. बाईनं बाटली उकिरड्यावर फेकली.

"काऊन फेकली, बाई?" मी तिच्या डाव्या कानाशी ओरडलो.

"दोन वर्सं झाले अण्णा, मले कीर्तन आयकू येत नाई. इथं थोडंसं का होईना, देव बोलते माह्याशी. तुह्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"



दुसऱ्या दिवशी खुद्द महाराजच माझ्या दुकानात. "सोनारबुवा, कुंडल सगळ्यांच्या कानात ढिलं पडते. देवाचा आवाज बाहेर सांडून राह्यला."

"सांडणारच! कान काय डबा आहे, सगळ्यांना एकच झाकण बसायला? मेणाचा ठसा घेऊन मापाचं घडवतो. फट राहिली नाही की आवाज दुप्पट."

"मंग दोन बनवा. एक देवकाबाईचं, पुढच्या गुरुवारी तिचीच पाळी आहे. एक देवाचं. देवालेही आयकावं लागते ना."

"आणि देवाच्या कानाचं माप?"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी सोबतच्या ओमप्रकाश नावाच्या चेल्याला पुढे ढकललं. "याचं घ्या. देवाचा कान हुबेहूब असाच आहे."

मी मेण दाबलं. देवानं कानामागे विडी खोचली होती.

आठ दिवस मान मोडून काम केलं. देवाचं कुंडल जरा जास्तच घट्ट केलं, हे कबूल करतो. बाईला एवढंच सांगितलं, "देव बोलला की कीर्तनात आपण ओ देतो, तशी दे. लाजू नको."

गुरुवारी बाई पाटावर बसली. डाव्या कानात कुंडल चपखल बसलं. तिचा चेहरा उजळला. "साफ आयकू येते वं! देव म्हणते, औषध सोडलं ते बरं केलं, आता इच्छा सांग."

बाईशी बोलणारा प्रत्येक माणूस तिच्या कानाला तोंड लावून ओरडतो. देवाशीही तसंच बोलायचं असणार, असं तिला वाटलं. तिनं कुंडल काढून तोंडाला लावलं आणि चाळीस वर्षं कीर्तनात कमावलेल्या छातीनं आरोळी ठोकली, "बोलाऽऽ पुंडलिक वरदेऽऽ!"

"हाऽऽरी विठ्ठल!" सवयीनं अख्खं गोदाम ओरडलं.

"मेलो रे बाप्पा!" पडद्याआडून देव ओरडला. पडदा कोसळला आणि ओमप्रकाश कान धरून नाचत बाहेर आला. कुंडल काही केल्या निघेना. त्याच्यामागे रबराची नळी फरफटत होती. तिला दोन फाटे, एकावर ऐकायचं कुंडल, दुसऱ्यावर बोलायचं नरसाळं.

"ब्रह्मनाडी सायकलच्या दुकानातली दिसते जी!" लहानू म्हणाला. महाराज मागच्या दारानं कधी फरार झाले, कळलंच नाही. मी खोबरेल सोडून ओमप्रकाशचा कान मोकळा केला.

बाई मात्र पाटावरच बसून होती. "म्हणजे देव नोयता बोलत?"

"नाई, बाई. हा बोलत होता."

"पण मले आयकू त आलं!"

"आलं ना. नळीनं आवाज सांडू दिला नाही, आणि मापाचं कुंडल कानात नीट बसलं. यात चमत्कार नाही, मेण आहे."

तिनं हातातलं कुंडल उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या सेवाग्रामले नेजो मले."

महिनाभरात उजवा कान सुकला. एकादशीला मी त्याच नळीचं नरसाळं कीर्तनकार बुवांच्या पुढ्यात ठेवलं आणि कुंडल बाईच्या डाव्या कानात बसवलं. बुवांनी अभंग धरला. बाईच्या डोळ्यांना धार लागली. देव होता तो तिथे, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. त्याला पडदा लागत नाही. माझं एवढंच मागणं आहे, बाप्पांनो, कुणी कानात काही घातलं तर दोरीचं दुसरं टोक आधी पाहून या, आणि डॉक्टरची बाटली फेकू नका.

कीर्तन संपल्यावर बाईनं मला जवळ ओढलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"अण्णा, बुवा पहिलेपासूनच असे बेसूर होते काय रे?"