कुठे दुखतं त्याची यादी

टिपणला सगळे टिपणच म्हणत, कारण समोर कुणी शिंकलं तरी तो तारीख-वेळ लिहून घ्यायचा. ही खोड दोन ठिकाणी उपयोगी पडली. चर्चमध्ये तो प्रार्थना-मंडळाचा चिटणीस होता. कोण आजारी, कोण अडचणीत, याची यादी दर गुरुवारी मंडळाला पाठवायची. निवडणुकीला उभ्या असलेल्या ताईच्या पक्षात तो माहिती-प्रमुख होता. विरोधकांतला कोण कुठे कच्चा, याची यादी दर गुरुवारी प्रचार-कक्षाला पाठवायची. माणूस नीटनेटका, त्यामुळे दोन्ही याद्यांचा नमुना त्याने एकच ठेवला होता. डावीकडे नाव, उजवीकडे कुठे दुखतं ते.

मतदान मंगळवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी या याद्यांनी आपापली घरं बदलली.

चर्चने काम चोख केलं. शुक्रवारी सकाळी मंडळाने विरोधी पक्षाच्या अकरा कार्यकर्त्यांसाठी तासभर गुडघे टेकले. त्यांचा उमेदवार भाषणात अडखळतो हे वाचून दोन आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी उपवास धरला. शनिवारी सकाळी तो उमेदवार चौकात चाळीस मिनिटं घडाघडा बोलला.

पक्षानेही काम चोख केलं. हे लोक कोण, असं प्रचार-कक्षात कुणी विचारलं नाही. यादीत आहेत म्हणजे विरोधक, संपलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घरोघरी पत्रकं पडली. ब्याऐंशी वर्षांच्या एका विधवेबद्दल छापलं होतं, ‘गुडघा बदलला! कुणाच्या इशाऱ्यावर?’ ती तर खूश झाली. कितीतरी वर्षांनी कुणी तिच्या गुडघ्याची दखल घेतली होती.

पण यादीच्या शेवटी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मास्तर होते. त्यांच्या नावापुढे टिपणने लिहिलं होतं, ‘हात थरथरतो. कुणाला कळू नये.’ पत्रकावर एक बाटली काढून खाली छापलं होतं, ‘हात दिवसाढवळ्या का थरथरतात? या हातांत आपली मुलं?’

मास्तर एकटे राहत आणि घरी मुलांना पियानो शिकवत. शनिवारी दुपारपर्यंत नऊच्या नऊ मुलं यायची बंद झाली.

टिपण धावत ताईकडे गेला. ताई प्रचार-कार्यालयात बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. सकाळपासून ती चारशे जिने चढली होती.

“ताई, खुलासा छाप. चूक माझी आहे, माझं नाव टाक.”

“आणि काय छापू? आम्ही लोकांच्या दुखण्यांच्या याद्या ठेवतो, फक्त या वेळी चुकीची गेली?”

“मास्तरांनी तुला वाजवायला शिकवलंय.”

“मला ठाऊक नाही का?” ताई उसळली. “मी हरले तर ते लोक प्रसूतिगृह बंद करतील. बायकांनी रस्त्यात बाळंत व्हायचं का, तुझं मन हलकं व्हावं म्हणून? बुधवारी मी स्वतः जाऊन मास्तरांच्या पाया पडेन. खरं ते बुधवारीही खरंच राहील, टिपण. कुठे पळून जाणार आहे?”

“शत्रूवरही प्रेम करायला शिकलोय ना आपण?”

“करते ना. तुम्ही प्रार्थना करून त्याचं तोतरेपण घालवलंत, मी तक्रार केली का?”

मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात दोन कप होते, म्हणजे खिडकीतून त्यांनी टिपणला पाहिलं असणार. चहा निम्मा बश्यांत सांडला होता. टिपणने सगळं सांगितलं. आपण रडणार नाही असं त्याने ठरवलं होतं, तेही जमलं नाही.

“बरं, क्षमा केली,” मास्तर म्हणाले. “चहा घे.”

“एवढ्यात?”

“मग काय पक्षाची बैठक बोलावू?” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “मुलं येत नाहीत तर सकाळी उठायचं कशाला, एवढंच कळत नाही बघ. दारूचं खोटं आहे, हे नऊ घरी जाऊन सांग. हाताचं मात्र बोलू नकोस. डॉक्टर म्हणतात औषधाने अजून वर्षभर निभावेल. मला ते वर्ष हवंय.”

रविवारी उपासनेत सगळ्यांनी ऑर्गनशिवाय गाणी म्हटली, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या सुरात. ती संपताच टिपण बाहेर पडला.

पहिल्या घरी बाप म्हणाला, “नवीन युक्ती का ही?” दुसऱ्या घरी दार उघडलंच नाही. तिसऱ्या घरी एक काकू गहिवरल्या. “चूक कबूल करणारा पक्ष! आमची पाचही मतं तुम्हालाच.”

“काकू, मतं नकोत. मुलाला मास्तरांकडे पाठवा.”

“ते बघू हो. पण मतं नक्की.”

चौथ्या घरीही तसंच झालं. पाचव्या घरी तो ओरडलाच, “आम्हाला मत देऊ नका!” त्यावर त्या घरचे आजोबा म्हणाले की असा निःस्वार्थी कार्यकर्ता त्यांनी आयुष्यात पाहिला नाही.

सहाव्या घराच्या जिन्यात फोन वाजला. “टिपण, तू काय करतोयस?” ताईने विचारलं.

“थांबणार नाही मी.”

“थांबू नकोसच! त्या भागात वारं फिरलंय म्हणतात. दोन पोरी पाठवतेय, एकीकडे कॅमेरा आहे. जरा सावकाश बोल, आणि रडू येत असेल तर दाबू नकोस.”

टिपण जिन्यातच बसला. चर्चने प्रार्थना केली तर विरोधक सुधारतो, आपण पाप कबूल केलं तर मतं वाढतात, आणि मास्तरांच्या दारात एक मूलही येत नाही. देवाकडे तक्रार करावी, तर ती कोणत्या यादीत घालायची?

नवव्या घरापर्यंत पोहोचला तेव्हा एकही मूल परत आलं नव्हतं. मागे कॅमेरा होता. दार उघडणारी बाई परिचारिका होती, अंगावर अजून गणवेश. तिने त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दिवसभरात असं कुणी केलं नव्हतं.

“दारू नाही, हे पटलं मला,” ती म्हणाली. “मी आजारी माणसं बघते रोज. फक्त एक सांगा. हात थरथरतो की नाही?”

कॅमेरा धरलेली मुलगी एक पायरी वर आली.

“आजार असेल तर आज ना उद्या शिकवणं सुटणार. माझ्या पोरीला बाबा गेल्यापासून मास्तरांशिवाय कुणी नाही. तिला पुन्हा कुणाची सवय लावायची आणि पुन्हा तोडायची, हे मला झेपणार नाही. म्हणून विचारते. तुम्ही सकाळपासून खरं बोलत फिरताय ना? मग सांगा.”

टिपणला मास्तरांचा सांडलेला चहा आठवला. खरं बोललं तर मास्तरांचं वर्ष जातं. खोटं बोललं तर या बाईचं काय जातं, तेही तिने आत्ताच उलगडून सांगितलं होतं. त्याने देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर आला तो पत्रकार परिषदेतला आवाज, शांत, भारदस्त, नेमका.

“नाही,” तो म्हणाला. “हात अगदी स्थिर आहे.”

बाईने खोल श्वास सोडला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. “देव तुमचं भलं करो, भाऊ,” असं म्हणून ती आत वळली. “अगं, उद्या मास्तरांकडे जायचंय, वह्या काढ!”

आतून पोरीचा आनंदाचा चीत्कार आला.

“हे वापरता येईल,” कॅमेरावाली म्हणाली. “एकदम मनापासून वाटलं.”