एका नावाचे जंतू

आजींनी घासलेल्या भांड्यात तोंड पाहून केस विंचरावेत, असं शेजारणी म्हणत, आणि आजी ते कधी नाकारत नसत. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण स्वच्छतेत त्यांना शिकवेल असं माणूस अजून जन्मायचं होतं. अशा घरात चौदा महिन्यांच्या नातीला, चिंगीला, जुलाब लागावेत आणि दहा दिवस थांबू नयेत, याचा त्यांना आधी राग आला, मग धसका बसला. गुबगुबीत पोर सुकून चिपाड झाली होती. सून मांडी घालून चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत बसायची.

शेजारचं पोरही तसंच आजारी पडलं होतं आणि तीन दिवसांत खेळायला लागलं होतं. आजींनी त्याच्या औषधाची उरलेली बाटली मागून आणली. जुलाब ते जुलाब, त्यात काय प्रकार असतात? सुनेची पाठ वळली की चिंगीच्या तोंडात एक चमचा. चार दिवस चमचे गेले, जुलाब काही गेले नाहीत.

डॉक्टरांनी शी तपासायला सांगितली. आसपासच्या सगळ्या आजारी लहानग्यांची तपासणी चालू होती, म्हणून लॅबवाली बाई स्वतःच डबी न्यायला घरी येणार होती. सून अंघोळीला गेली होती. आजींनी डबी भरली आणि नाक मुरडलं. परक्या बाईच्या हातात अशी घाण द्यायची? लोक काय म्हणतील? त्यांनी फरशी पुसायच्या औषधाचं एक झाकण आत ओतलं, डबी बाहेरून लखलखीत पुसली आणि दिली.

दोन दिवसांनी बाई पुन्हा दारात.

"डबीतलं ताटलीत वाढायला ठेवलं, पण काहीच वाढलं नाही," ती म्हणाली. "एक ठिपकासुद्धा नाही. असं होत नसतं. धडधाकट माणसाच्या पोटातही जंतू असतातच."

सुनेचा चेहरा उतरला. "डबी मीच धुऊन ठेवली होती, माझंच काही चुकलं असेल. दोन दिवस फुकट गेले हिचे." आणि ती चिंगीला छातीशी धरून रडायलाच लागली.

बाईनं एकदा आजींकडे पाहिलं. "होतं कधी कधी. पुन्हा डबी घेऊ या."

झाकून गेलं असतं. पण आजन्म दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर मांडत आलेल्या आजींना स्वतःची गिळवेना.

"तिचं नाही चुकलं," आजी म्हणाल्या. "मी फरशीचं औषध ओतलं. वास येऊ नये म्हणून. आणि शेजारची बाटलीही मीच पाजली, चार दिवस."

सून बघतच राहिली. बाईला मात्र हसू आवरेना. "वास आला होता मला, आजी. इतकी सुगंधी डबी जन्मात पाहिली नव्हती. पण बाटलीचं सांगितलंत ते बरं केलंत. बंद करा ती, आणि डॉक्टरांना आजच सांगा."

दुसरी डबी गेली, आहे तशी. तीन दिवसांनी बाई निकाल घेऊन आली.

"शेजारच्या पोराचा आणि चिंगीचा जंतू एकाच नावाचा आहे. पण आतून बघितलं तर वाण वेगळा. त्याचा त्या औषधानं मरतो, हिचा त्याला जुमानत नाही. या दोन गल्ल्यांतच अकरा वाण सापडलेत मला."

"एक आडनाव आणि अकरा घरं," आजी म्हणाल्या. "आमचे चार दीर तसेच. एक देवमाणूस, आणि तिघांना कुठलंच औषध लागू पडलं नाही."

"आई," सून म्हणाली, पण तिलाही हसू फुटलं. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदाच.

डॉक्टरांनी औषध बदललं. मीठ-साखरेचं पाणी चालूच राहिलं. तिसऱ्या दिवशी चिंगीची शी घट्ट झाली, आणि ती बातमी आजींनी गल्लीभर अशी सांगितली, जशी दुसरी कोणी नातीच्या पहिल्या नंबराची सांगेल.

पुढच्या आठवड्यात आजी लॅबमध्ये गेल्या. आभार मानायची सवय नव्हती, म्हणून उगाच टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली. निघाली नाही. बाईनं एक चपटी काचेची ताटली दाखवली. आत फिकट ठिपके.

"हाच तो, चिंगीचा."

"आता फेकून देणार ना?"

"छे. गोठवून जपून ठेवणार. उद्या दुसऱ्या बाळात हाच निघाला, तर काय द्यायचं ते लवकर कळेल."

माझ्या नातीला छळलेल्याला जपायचं! आजींच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांना सुनेच्या मांडीवरचं ते चिपाड आठवलं, आणि कुठल्या तरी दुसऱ्या घरातली, अजून न पाहिलेली एक मांडी.

"जपा," त्या म्हणाल्या. "आणि पोरी, तू त्या दिवशी माझं झाकायला निघाली होतीस. सून म्हणते, अशी माणसं नशिबानं भेटतात. मी तिचं सहसा ऐकत नाही. पण या बाबतीत तिचं खरं आहे."