गोजरामावशीचे हात

साधनाची गोजरामावशी जन्मापासून बहिरी. मखमलाबादला शेवंतीचा मळा, आणि बोलणं सगळं हातांनी. लहानपणी साधना सुट्टीत तिच्याकडेच असायची, त्यामुळे ती भाषा तिच्या अंगवळणी पडलेली. दूरच्या शहरात नोकरी लागल्यापासून मात्र दोघींची भेट व्हिडिओ कॉलवरच. तिथे मावशीचे हात वेगात आले की स्क्रीनवर नुसते चौकोन दिसायचे. साधना 'पुन्हा सांग' अशी खूण करायची. मावशी पुन्हा सांगायची, सावकाश आणि थोडक्यात. चार वर्षांत तिचं फोनवरचं बोलणं एवढंच उरलं होतं: जेवलीस? बरी आहेस? फुलं बरी आहेत.

मावशीच्या फोनमधलं ते ॲप साधनाच्याच कंपनीचं. चित्र दाबून, हलकं करून पाठवणाऱ्या एन्कोडरवर ती काम करायची. सेकंदाला ठरावीक बिट, म्हणजे माहितीचे कण, मिळतात, त्यातले कशाला किती द्यायचे हे ठरवणं तिच्याकडे होतं.

एका रविवारी तिने मळ्यातून आलेला मावशीचा कॉल साठवून घेतला आणि ऑफिसात एकेक फ्रेम उलगडून बघितली.

"रोहित, हे बघ," तिने शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. "सगळे बिट मागच्या शेवंतीने खाल्लेत. वाऱ्याने पान हललं की एन्कोडरला वाटतं, काहीतरी मोठं घडलं."

"आणि एका फ्रेमने जास्त घेतले की पुढचीला आपण उपाशी ठेवतो," रोहित म्हणाला. "हात नेमके तेव्हाच उचललेले."

दीड महिना ती या कामामागे लागली. सळसळती पानं जराशी धूसर झाली तरी डोळ्याला कळत नाही. तिथले बिट काढून ते हातांकडे वळवले. जास्तीच्या खर्चाचा भार एकाच फ्रेमच्या माथी न मारता पुढच्या तीस फ्रेमवर वाटला. आधी चित्र मधेच गोठायचं, मग चेहरा मेणाचा दिसायला लागला. अखेर जमलं.

नवी आवृत्ती मावशीच्या फोनवर चढली आणि दुपारच्या सुट्टीत साधनाने ऑफिसातून कॉल लावला. मावशीच्या नवऱ्याने, नाथाकाकांनी, फोन फुलांच्या क्रेटला टेकवून ठेवला.

मावशीने विचारलं, जेवलीस? साधनाने मान हलवली. मावशीने जरा लांब वाक्य केलं आणि थांबली. साधनाकडून 'पुन्हा'ची खूण आली नाही. मावशीची करंगळी किंचित मुडपली, तीही साधनाला दिसली. मग हात सुटलेच! त्यांतून पंचवटीच्या बाजारातला व्यापारी उभा राहिला: त्याचं पोट, त्याची पानाची पिंक, फुलं बघून त्याचं नाक मुरडणं, आणि मागून येऊन गाईने त्याचीच टोपली फस्त करणं. खुणांतलं ओ की ठो न कळणारा रोहितही खुर्चीतून पडायचा राहिला.

हसता हसता साधनाचे डोळे भरले. स्क्रीनच्या कडेला आकडे दिसत होते. सेकंदाला कालच्याइतकेच बिट, एकही जास्त नाही. आणि तेवढ्याशा वाटेने आज मावशी अख्खी आली होती. आपली मावशी इतकी नकलाकार आहे, हे ती विसरूनच गेली होती.

"काका, ही रोज एवढं बोलते?"

"रोज? अगं, दिवसभर!" कॅमेऱ्यात डोकावत काका म्हणाले. "फोनवरच गप ऱ्हायची. मला वाटलं, तुझ्यावर रुसली हाय."

मावशीने काकांना बाजूला सारलं, पदर खोचला आणि दुसरी गोष्ट काढली. डबा उघडायचं विसरून साधना तिच्या बोटांकडे बघत राहिली.